उंदराने कुरतडल्यासही

माझ्या साडूंना न ओळखणारा एखादा माणूस वऱ्हाडात सापडेलही, पण साडू ज्याला ओळखत नाहीत असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. मी अमरावतीचा, ते अकोल्याचे. त्यांचं नाव मी सांगत नाही. ते एका सरकारी यादीत छापून आलेलं आहे आणि एका माणसाला तेवढी प्रसिद्धी पुरे. माझ्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून उभा होतो तेव्हा ते जवळ आले, मला खालून वर निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचे वडील चालताना डाव्या खांद्यातून झुकतात, नाही का? पाह्यलं होतं त्यायले एकदा मूर्तिजापूरच्या टेसनावर." वडील खरंच डावीकडे झुकत. आणि मूर्तिजापूरच्या स्टेशनावर ते आयुष्यात एकदाच उतरले होते, तेही चहा प्यायला.

एसटीत बसले की साडू शेजाऱ्याला पहिला प्रश्न विचारत, "गाव कोनतं?" गावावरून आडनाव, आडनावावरून मामाचं गाव, मामाच्या गावावरून तिथल्या पोस्टमनची प्रकृती, अशी गाडी पुढे जाई. अकोल्याहून निघालेला अनोळखी माणूस दर्यापूर येईपर्यंत त्यांचा नातेवाईक झालेला असे, आणि ज्याला नातं नकोच असेल त्याला अलीकडच्या फाट्यावर उतरून जावं लागे. एकदा ते पत्ता चुकून भलत्याच घरी तेरवीला गेले. दारातच चूक लक्षात आली, पण आलेल्या माणसाला परत कोण जाऊ देतं? पानावर बसले, चौकशी केली, आणि वडे वाढले जाईपर्यंत मयत माणूस त्यांच्याच गिरणीतला निघाला. त्या घरचे लोक अजून दिवाळीला फराळ पाठवतात. ज्या घरी खरं जायचं होतं, ते मात्र बोलत नाहीत.

गिरणीचं सांगायला हवं. साडू अकोल्याच्या एका सूतगिरणीत टाइमकीपर होते. कामगाराने फाटकावर आपला पितळी बिल्ला दाखवायचा आणि टाइमकीपरने हजेरी मांडायची, असा नियम. साडूंनी बिल्ला कधी पाहिला नाही. ते वहीत मान घालून बसत आणि नुसत्या चपलांच्या आवाजावरून हजेरी लावत. बिल्ला विसरून आलेला माणूस घाबरून उभा राहिला तर म्हणत, "बिल्ला हरपला त काय झालं? मानूस त नाही हरपला. जाय अंदर." पुढे ज्या वर्षांत इकडे कापसाचं सगळंच बिनसलं, त्या वर्षांत गिरणीही बंद पडली. साडू त्यानंतर आठ दिवस नेमाने फाटकावर जाऊन उभे राहत होते. आमची आकडसासू, म्हणजे माझी ही थोरली मेहुणी, वैतागून म्हणाली, "काहून जाता? कोनी येत नाही तिथी." ते म्हणाले, "आलंच एखादं, त वळखाले मानूस नको?"

अशा माणसाच्या हाती ती कंपनी लागली. किंवा कंपनीच्या हाती हा माणूस लागला. कंपनीचं नाव इंग्रजी होतं आणि साडूंना ते शेवटपर्यंत एका दमात म्हणता आलं नाही. तिचा धंदा असा की माणसाचं कार्ड हरवलं किंवा त्याची ओळख कोणी चोरली तर त्याचा विमा. नांदगाव पेठेजवळच्या एका हॉलमध्ये प्रतिनिधींचं शिबिर झालं. टाय बांधलेला एक तरुण दिवसभर बोलला. साडूंना त्यातलं एवढंच समजलं की या देशात ओळख जपणाऱ्या माणसांची टंचाई आहे. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या तरुणाचं आजोळ कारंज्याचं काढलं, आणि निरोप घेताना तो टायसकट त्यांच्या पाया पडला. तिथून साडू थेट माझ्याकडे राजापेठेत आले आणि म्हणाले, "मास्तर, वळखीचा विमा निंगाला! हे त माहीच लाइन होय."

मी मास्तर म्हणजे टायपिंगचा मास्तर. राजापेठेत माझा क्लास होता. माझी व्यवहारबुद्धी अशी की गावात कॉम्प्युटरचे क्लास निघाले त्याच वर्षी मी तीन नवे टाइपरायटर घेतले. साडूंनी कंपनीचं इंग्रजी पत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, याचं मराठी करून द्या, खेड्यात वाटायचं आहे. माझं इंग्रजी मिनिटाला साठ शब्दांचं. त्यांतले चार-पाच मला समजतही असत. पत्रकात जागोजागी कार्ड, कार्ड, असं होतं. आता आमच्याकडे कार्ड म्हणजे राशनचं कार्ड. दुसरं कार्ड ना माझ्या खिशात होतं, ना साडूंच्या. बँकेचं प्लास्टिकचं कार्ड मी तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही एका डॉक्टरांच्या हातात, आणि ते त्याने गाडीची काच खरवडत होते. तेव्हा मी निःशंक मनाने टाइप केलं: 'आपले कार्ड हरवले? चोरीस गेले? आपली ओळख धोक्यात आहे? घाबरू नका. फोन करा.' कागदाच्या तळाशी दोन ओळींची जागा उरली. रिकामी जागा सोडणं आम्हा टायपिंगवाल्यांच्या जिवावर येतं. म्हणून मी आपल्या मनाने आणखी एक ओळ घातली: 'पावसात भिजल्यास किंवा उंदराने कुरतडल्यासही.' साडूंनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "कंपनीले हे सुचलं नाही पाहा."

त्या एका ओळीवर अंजनगाव सुर्जीच्या भागात विमा तुफान खपला. पिवळं कार्ड, केशरी कार्ड, सगळ्यांनी काढला. त्या वर्षांत तर जो तो कागद मागत होता. पंचनाम्याला कागद, बियाण्याला कागद, मदत आली तर तिलाही कागद, आणि कागदावरचं नाव तुमचंच कशावरून, हे सांगणारा एक माणूस. रांगेत उभ्या राहणाऱ्याला स्वतःचं नाव सिद्ध करताना घाम फुटे. अशा दिवसांत आपली ओळख कोणी सांभाळणार आहे, यापेक्षा मोठा विमा कुठला?

पहिला दावा रज्जाकभाईंचा. रज्जाकभाई अंजनगावचे नागवेलीच्या पानांचे व्यापारी. राशनकार्ड त्यांनी पानांच्या टोपलीत, ओल्या पोत्याखाली जपून ठेवलं होतं. त्याचा लगदा झाला. पत्रकात लिहिल्याप्रमाणे त्यांनी बूथवरून कंपनीला फोन लावला. तो संवाद साडू नंतर आम्हाला दोन्ही आवाजांत करून दाखवत.

"सर, कार्ड का नंबर बताइए."

"केसरी."

"सर, नंबर."

"अरे बहनजी, नंबर भीग गया, तभी तो फोन किया. केसरी है."

"कौन से बैंक का कार्ड है, सर?"

"बैंक का नहीं जी, कंट्रोल का. शक्कर मिलती है उस पे."

पलीकडून कॉम्प्युटरच्या कळांची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी अत्यंत अदबीने म्हणाली, "सर, आपका कार्ड ब्लॉक कर दिया गया है."

रज्जाकभाईंच्या हातून रिसीव्हर सुटला. कार्ड भिजलं होतं तोवर साखर तरी मिळण्याची आशा होती, आता कंपनीने तीही बंद केली. त्यांनी तिथूनच साडूंच्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप ठेवला. साडू गुरुवारच्या गाडीने अंजनगावला गेले, रज्जाकभाईंना घेऊन तहसीलमध्ये उभे राहिले आणि कारकुनाला म्हणाले, "मी यायले वळखतो. आनि तुमाले बी वळखतो, तुमचे सासरे आमच्या गिरणीत फिटर होते." चहा येऊन गेला आणि दुय्यम कार्ड मिळालं. साडूंची खात्री पटली की विमा असाच चालतो. कंपनीचा फोन हा नुसता शिष्टाचार, दावा आपण जाऊन फेडायचा असतो.

मग दर गुरुवार ठरून गेला. अकोट मार्गे अंजनगावची दुपारची गाडी, ड्रायव्हरच्या मागची तिसरी खिडकी. कोणाचं नाव सातबाऱ्यावर एक आणि कार्डावर दुसरं, कोणाच्या अंगठ्यावर बँकेचा विश्वास नाही. साडू जाऊन उभे राहत आणि म्हणत, "मी वळखतो." सुभद्राबाई नावाच्या एक म्हाताऱ्या होत्या. दोन ठिकाणी त्यांचं वय वेगवेगळं होतं आणि एका ठिकाणी तर त्या पुरुष होत्या. साडूंनी त्यांना सहा महिन्यांत सगळीकडे एकाच वयाची बाई करून दिली. दोन वर्षं हे चाललं.

तिकडे देशभर कंपनीविरुद्ध बोंब उठली होती. फोनवरून भलभलत्या लोकांच्या गळ्यात विमा मारला, ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांनाही विकला, वगैरे. विमा नियामकांनी चौकशी लावली. ठिकठिकाणाहून तक्रारींचे गठ्ठे गेले. एकट्या अंजनगाव भागातून एकही तक्रार नव्हती. नेमकं यावरून वरच्या साहेबांना संशय आला, आणि हैदराबादहून एक अधिकारी अंजनगावच्या विश्रामगृहात चौकशीला यायचे ठरले.

साडूंना चौकशीचा कागद आला तेव्हा आम्ही अकोल्यालाच होतो. कागदासोबत कंपनीच्या खुलाशाची नक्कल होती: या नावाचा आमचा कोणीही प्रतिनिधी नाही. मेहुणीने डोळ्याला पदर लावला. मी धीर द्यायला म्हणालो, भाऊ, काही होत नाही, फार तर दंड. साडूंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "दंड होवो नाही त जेल होवो, मास्तर. अंजनगावच्या गाडीत मले पुन्हा बसता येईन का नाही, येवढं सांगा."

माझ्याकडे युक्ती होती. कायद्याचं माझं ज्ञान लोकांचे अर्ज टाइप करून आलेलं. त्या ज्ञानाच्या जोरावर मी असा विचार केला की कंपनी म्हणते आम्ही याला ओळखत नाही. विमेदारही तेच म्हणाले, तर साडू सुटले! अंजनगावला त्या दिवसांत दिवसा वीज नसे, साहेबांचा कॉम्प्युटर चालणार नव्हता, म्हणून टाइपरायटर घेऊन या असा तहसीलच्या त्या कारकुनाचा मला निरोप होता. मी यंत्र मांडीवर घेऊन अमरावतीहून सकाळच्या गाडीने गेलो. साडूंची गाडी यायला तासभर अवकाश होता. विश्रामगृहासमोरच्या टपरीवर सगळे विमेदार जमलेले होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, या माणसाला आम्ही ओळखत नाही. रज्जाकभाई म्हणाले, "झूठ बोलना पडेंगा?" मी म्हणालो, त्यांच्या भल्यासाठी. सुभद्राबाईंनी पदर घट्ट केला.

साहेब सज्जन होते. जाड चष्मा, सावकाश हिंदी. साडू समोरच्या खुर्चीवर बसले, मी कोपऱ्यात यंत्रामागे. पहिले रज्जाकभाई आले. सवयीने त्यांनी आधी खिशातून विडा काढून साडूंच्या हातात ठेवला आणि मग साहेबांकडे वळून म्हणाले, "साहब, मैं इनको नहीं पहचानता." साहेबांनी विड्याकडे पाहिलं. मी टाइप केलं: ओळखत नाही. दुसरा आला, "नाही वळखत बा." टाइप केलं. तिसरा, चौथा. मिनिटाला साठ शब्दांचा माझा हात त्या दोन शब्दांवर जड व्हायला लागला. साडू प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. गिरणी बंद झाली तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं, तेव्हाही ते असे दिसले नव्हते. हातातला विडा तसाच होता.

शेवटी सुभद्राबाई. त्या जमिनीकडे पाहून म्हणाल्या, "नाही वळखत." जायला वळल्या, पुन्हा थांबल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "त्याच्या बायकोचं गुडघ्याचं दुखनं आता कसं हाय, येवढं इचारा त्याले."

साडू उठून उभे राहिले. "साहेब, लिहा," ते म्हणाले. "हे मले वळखत नसतीन. मी यायले वळखतो." आणि मग खिडकीबाहेर टपरीवर उभ्या असलेल्या एकेकाकडे बोट करून त्यांनी सांगायला सुरुवात केली. हे रज्जाकभाई, यांची थोरली अचलपूरला दिली, जावई रंगारी. तो टोपीवाला, त्याचा बैल मागच्या पोळ्याला लंगडत होता. ही सुभद्राबाई, हिला मोसंबी चालत नाही, पोटात वायू धरतो. सगळी नावं, सगळी गावं, कोणाचं कार्ड पिवळं आणि कोणाचं केशरी. शेवटी म्हणाले, "यायले विमा मीच इकला. कार्ड कोनतं ते मलेच समजलं नव्हतं, त यायले कसं समजन? माहा पत्ता लिहा, एजंटचा कोड नंबर लिहा."

साहेबांनी चष्मा काढला. समजावून सांगितलं की असं लिहून दिलं तर विमेदारांचे हप्ते परत मिळतील, पण तुमचं नाव बंदीच्या यादीत जाईल, पुन्हा कोणताही विमा विकता येणार नाही. साडू म्हणाले, "बिल्ला जाईन, साहेब. मानूस त नाही जात." मग साहेबांनी माझं पत्रक पुढे धरलं. तळाच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, 'चूहे के कुतरने पर भी', हे कोणी लिहिलं? खोलीत फक्त माझ्या यंत्राची घंटी वाजली, कारण माझा हात चुकून पडला होता. साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मजकूर माहाच," ते म्हणाले. देशभर लोकांच्या ओळखी सांभाळायला निघालेल्या त्या कंपनीच्या विम्यातून खरोखर सांभाळली गेलेली एकच ओळख मला माहीत आहे, आणि ती माझी. मी तर हप्ताही भरला नव्हता.

टपरीवरची माझी शिकवणी साडूंना त्याच दिवशी कळली. सुभद्राबाईंनीच सांगितली. साडू चिडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी मला ओळखणं बंद केलं. महिन्याभराने साडूंच्या पुतणीच्या घरी बारसं होतं. मी पुढे होऊन नमस्कार केला तर हात जोडून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आपन जावयाकडचे का?" पंगतीत माझ्याच शेजारी बसले आणि मला गाव विचारलं नाही. ज्यांनी साडूंना पाहिलं आहे त्यांनाच कळेल, यापेक्षा मोठी शिक्षा नाही. बायको घरी आल्यावर म्हणाली, "चांगलं झालं. तुमच्या युक्तीले हेच पाह्यजे होतं."

अंजनगावच्या गाडीतही ते बसले नाहीत. गुरुवारी दुपारी स्टँडकडे पाठ करून ओसरीवर बसत. चार महिने असे गेले. मग एका गुरुवारी सुभद्राबाईंचा निरोप आला: कार्ड उंदराने कुरतडलं. ऐकून मेहुणी म्हणाली, आता कसली कंपनी अन् कसला विमा. साडू आत गेले आणि धुतलेला शर्ट घालून बाहेर आले. त्या दिवशी मी योगायोगाने तिथे होतो. बायकोने लोणच्याची बरणी देऊन मला माफी मागायला पाठवलं होतं. बरणी पोचली होती, माफी अजून घशात होती. मी न विचारता मागून चालायला लागलो.

गाडी गच्च भरलेली. ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या खिडकीशी रज्जाकभाई रिकाम्या टोपल्या पायाशी घेऊन बसले होते, आणि त्यांच्या शेजारच्या जागेवर एक हिरव्या चौकटीची दस्ती अंथरलेली होती. लोक उभे होते, पण त्या रुमालावर कोणी बसलेलं नव्हतं. कंडक्टर साडूंना पाहून म्हणाला, "आले बाप्पा एकदाचे! चार महिने झाले, दर गुरुवारी या जागेपायी मी लोकायसंगं भांडून राह्यलो."

साडू उभेच राहिले. रज्जाकभाईंकडे पाहून म्हणाले, "तुमी त मले वळखत नाही."

"नहीं पहचानता," रज्जाकभाई दस्तीची घडी घालत म्हणाले. "जगह पहचानती है. बैठो."

साडू बसले. गाडी सुटली. मी दांडा धरून लोंबकळत होतो. अकोट यायच्या आधी साडूंनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग रज्जाकभाईंना कोपराने ढोसून म्हणाले, "सरका जरासेक. हे माहे साडू होत." दोघांच्या बाकावर आम्ही तिघे बसलो. अर्धा मी बाकाबाहेरच होतो, पण एवढं ऐसपैस मी आयुष्यात कधी बसलो नाही.

साडू गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या तेरवीला अंजनगावची एक पूर्ण गाडी आली होती. माझा क्लास बंद झाला, यंत्रं भंगारात गेली. माझ्या खिशात आता चार-पाच कार्डं असतात. सगळ्यांवर माझं नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं आहे आणि फोटो तर कोणाचाही असावा. मधून मधून मी उगाच त्या दुपारच्या गाडीत चढतो. उभं राहावं लागतं, गर्दी फार असते. कोणी म्हातारा विचारतो, कोन गावचे? मी गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. "मी त्यांचा साडू," म्हणतो.

कोणाचा, असं अजून कोणी विचारलेलं नाही. लोक सरकून घेतात.